कोंबड्याची कबर

खड्ड्याभोवती आम्ही सहा जण होतो. पाळकसाहेब, त्यांच्या मिसेस म्हणजे आमच्या बाई, त्यांची थोरली रोहिणी, धाकटा सुमित, मी, अन् माझी मुलगी शालन. सातवं कुणी नव्हतं. खड्ड्यात कोंबडा होता, साहेबांच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला.

हे आधी सांगून टाकते. कारण त्या खड्ड्यात कोण आहे यावरून आमच्या चर्चमध्ये पुढं लई काय काय बोललं गेलं. परवा तर माइकवरून बोलले. म्हणून म्हणलं, जे तिथं होते त्यांची नावं पहिल्यांदा घ्यावीत. माझी शाळा दुसरीपर्यंत. मी बोलते अन् शालनची पोरगी लिहून घेते. ती मधेमधे हसते, तेवढं सोडून बाकी सगळं माझं आहे.

साहेब म्हणजे आमच्या चर्चचे पाळक. रविवारी उपासना घेणार, लग्न लावणार, माती देणार, आजाऱ्याच्या घरी जाणार, ते काम. चर्च पेठेतलं, लहानसं. नाव सांगत नाही, ज्यांचं आहे त्यांना कळेल.

मी नगरकडची. माझा नवरा रंगकाम करायचा. परांचीवरून पडला, अंथरुणाला खिळला अन् त्यातच गेला. दीर म्हणले, आता तुझं इथं काय आहे. खरंच काही नव्हतं. शालनला घेऊन पुण्याला आले. ओळखीच्या एका बाईनं सांगितलं की चर्चमध्ये झाडलोटीला माणूस पाहिजे. गेले, तर साहेब मागच्या अंगणात गुडघ्यावर बसलेले, मान खाली. मला वाटलं प्रार्थना चालली आहे. मी थांबले. बराच वेळ थांबले. शालन पाणी मागायला लागली तेव्हा जरा वाकून बघितलं, तर साहेब मुंग्या बघत होते.

माझ्याकडं न बघताच म्हणले, "बाई, झाडताना वारूळ मधे आलं तर काय कराल?"

मी म्हणलं, "राहायला खोली देणार का, त्यावर आहे."

साहेब हसले, गुडघे झटकत उठले अन् आत ओरडून बाईंना सांगितलं की आपल्याला माणूस मिळालं.

खोली चर्चच्या मागं होती, बुचाच्या मोठ्या झाडाला टेकून. वर पत्रा. एका कोपऱ्यात गळायची, तिथं बादली ठेवायची. पण दाराला आतून कडी होती. पोरगी घेऊन जी बाई चार महिने दुसऱ्याच्या ओट्यावर निजली आहे, तिला विचारा आतली कडी काय असते. मी त्या खोलीत शालनला वाढवलं, शिकवलं, तिथूनच तिचं लग्न केलं. ती खोली गेली असती तर मला पुण्यात दुसरी जागा नव्हती अन् गावात तर नव्हतीच. हे ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

आता साहेबांचं सांगते.

माणूस चांगला होता पण जेवायच्या आधी त्यांच्या पंगतीला बसणं म्हणजे शिक्षा. डोळे मिटायचे अन् अन्नासाठी देवाचे आभार मानायला लागायचे. आधी भाताचे. मग भात लावणाऱ्याचे. मग पावसाचे, बैलाचे, गांडुळाचे, खिडकीत आलेल्या चिमणीचे. पोरं एक डोळा उघडून कालवणाकडं बघत. मग बाई स्वयंपाकघरातून खणखणीत आवाजात "आमेन" म्हणायच्या. आमेन झालं की प्रार्थना संपली, त्याला पाळकाचा पण इलाज नाही. साहेब म्हणायचे, "अगं, माझं आत्ता कुठं बेडकापर्यंत आलं होतं." बाई म्हणायच्या, "बेडूक उद्या घ्या. भात निवला."

बाईंचा हात धरून रस्त्यानं चालायचे. पेठेत त्या काळात कुणी बायकोचा हात धरत नव्हतं. कोपऱ्यावरचा वाणी एकदा म्हणला, "काय साहेब, वहिनी हरवतील म्हणून धरलंय काय?" साहेब म्हणले, "त्या कशाला हरवतील. मी हरवतो." अन् ते खरं होतं. भाजीला गेलेला माणूस एखाद्या झाडाखाली मान वर करून उभा सापडायचा, पिशवी रिकामी.

संध्याकाळी सहानंतर ते मीटिंगला बसत नसत. चर्चचे सेक्रेटरी कुरकुरायचे की साहेब, हे मंडळीचं काम आहे. मंडळी म्हणजे चर्चची सगळी माणसं. साहेब म्हणायचे, घरात तीन माणसांची मंडळी आहे, तिचा पण पाळक मीच आहे. अन् उठायचे. सोमवारी सुट्टी. सोमवारी सगळं घर डबे बांधून टेकडीवर. मला अन् शालनला पण नेत. साहेब बूट काढून, नाड्या एकमेकींना बांधून गळ्यात अडकवायचे अन् अनवाणी चालायचे. खाली उतरल्यावर बाई सेफ्टीपिननं त्यांच्या पायातले काटे काढत बसायच्या अन् बोलत राहायच्या. साहेब ते बोलणं असं ऐकायचे जसं काही कुणी गाणं म्हणतंय.

खताचा नाद तर विचारू नका. कात्रजकडं गोठे होते, तिथून स्कूटरवर पायाशी शेणाचं पोतं ठेवून आणायचे. एकदा उशीर झाला तसं थेट लग्न लावायला उभे राहिले. वरून पांढरा झगा घातला, पण वास झग्याला थोडाच अडतो. आशीर्वाद द्यायला हात वर केले तशी पुढच्या बाकावरची पाहुणेमंडळी एक एक करून मागं सरकली. साहेबांना वाटलं, लोक नम्र आहेत.

लग्न ठरलेली पोरं-पोरी त्यांच्याकडं यायची, चार शब्द ऐकायला. ती चर्चची रीत आहे, लग्नाआधी पाळकानं दोघांना बसवून समजावून सांगायचं. साहेब समजावत नसत. अंगणातला एक वाफा दाखवायचे अन् दोघांत मिळून एक खुरपं द्यायचे. म्हणायचे, तण काढा, रोपं ठेवा, मी चहा घेऊन येतो. अन् खिडकीतून बघत बसायचे, कोण खुरपं सोडत नाही, कोण रोप उपटून दुसऱ्यावर ढकलतंय. एका पोरानं सबंध वेळ मोबाईलवर बोलत उभं राहून पोरीला बोटानं तण दाखवलं. पोरगी घरी गेली अन् लग्न मोडलं. तिची आई भांडायला आली. साहेबांनी तिच्या हातात पण खुरपं दिलं. भांडता भांडता तिनं अर्धा वाफा साफ केला.

फाटकावर त्यांनी स्वतः पाटी लिहिली होती. फुलं तोडणाऱ्याला देव क्षमा करील, मी विचार करीन.

आता कोंबडा. नाताळाला कापायला म्हणून आणला होता. साहेबांनी आणला अन् घरी येईपर्यंत वाटेत त्याच्याशी बोलले, तिथंच चुकलं. पोरांनी त्याचं नाव हवालदार ठेवलं, कारण चालायचा तसा, छाती काढून, काम काही नाही. नाताळाला पाहुणे जेवायला बसले तर बटाट्याचा रस्सा. पाहुणे डाव फिरवून फिरवून शोधत होते अन् खिडकीतून हवालदार बघत होता. तो पुढं सात-आठ नाताळ जगला. त्याला एकच माणूस खपायचा नाही, आमचे सेक्रेटरी. त्यांच्या बुटांचा करकर आवाज यायचा. रविवारी ते सूचना वाचायला उठले, दोन पावलं चालले, की बाहेरून हवालदार सुरू. सेक्रेटरी थांबायचे, तो थांबायचा. वाचायला लागले की परत. साहेब खाली बघत. त्यांचे खांदे हलत.

ते सेक्रेटरी बँकेतून रिटायर झालेले, हुशार माणूस, देवळाचा असो चर्चचा असो, हिशेब चोख ठेवणारा. वाईट नव्हते. पण त्यांनी मोटार घेतली. पेठेत मोटार लावायला जागा नाही. मग एकेक करून कमिटीतल्या सगळ्यांनी घेतल्या. कमिटी म्हणजे चर्चचा कारभार बघणारे पंच. एका मीटिंगमध्ये ठरलं की मागचं बुचाचं झाड काढायचं, मावशीची खोली पाडायची अन् तिथं फरशी घालून पार्किंग करायचं. मावशी म्हणजे मी. मला सगळे मावशीच म्हणत. साहेब त्या दिवशी सहानंतर पण मीटिंगमध्ये बसले. भांडले. हरले. पाळकाला एकच मत असतं.

मला सांगायला आले तेव्हा मी तांदूळ निवडत होते. म्हणले, "मावशी, मे महिन्यात पाडायचं म्हणतायत." मी म्हणलं, शालनची परीक्षा एप्रिलात संपते. त्यांनी तोंड फिरवलं. मी तांदूळ निवडून घेतले. त्याला दुसरं काय करणार, रात्रीला भात तर लागणार होता.

त्याच दिवसांत हवालदार म्हातारा होऊन मेला. सकाळी झाडाखाली पाय वर करून पडलेला सापडला. सुमित हंबरडा फोडून रडला. मग मगाशी सांगितली तशी आम्ही सहा माणसं जमलो. साहेबांनी खड्डा खणला, दोन वाक्यांची प्रार्थना केली. आयुष्यात एवढी छोटी तीच. पोरांनी नदीकाठून आणलेले गोल धोंडे चौफेर लावले. झाडाच्या बुंध्याला लावायचा चुना उरला होता, तो मी धोंड्यांना फासला. उगाच वाया जाऊ नये म्हणून. छान दिसायला लागलं. जरा जास्तच छान दिसायला लागलं.

मग ईस्टर आला. आमच्यात ईस्टरला उजाडता उजाडता सगळी मंडळी कबरस्थानात जाते. ज्यानं त्यानं आपल्या माणसाची कबर आधी धुऊन पुसून चुना लावून ठेवलेली असते, त्यावर फुलं घालायची, मेणबत्ती लावायची, गाणी म्हणायची अन् मग चर्चमध्ये परत येऊन चहा-बन. सुमितनं उरलेल्यातली एक मेणबत्ती अन् शेवंतीचा हार आणून हवालदाराला घातला. अन् सगळी मंडळी चहाला मागच्या अंगणात आली.

आता विचार करा. तासाभरापूर्वी ज्यांनी शंभर कबरी बघितल्या, त्यांना झाडाखाली पांढऱ्या धोंड्यांचा एक लहान चौकोन दिसला, वर हार, वर मेणबत्ती. एक म्हातारी म्हणली, "अगं बाई, लेकराची दिसते." दुसरी म्हणली, पूर्वी इथं गोरे साहेब राहायचे, त्यांची लेकरं इथल्या हवेनं जायची. बस. मी किटली घेऊन फिरत होते, सगळं कानावर येत होतं. पहिल्या बाकापाशी ते गोऱ्या साहेबाचं बाळ होतं. विहिरीपाशी पोचले तोवर ती मुलगी झाली होती. फाटकापाशी तिला पटकी झाली. म्हणलं, अजून एक फेरी मारली तर ही पोरगी बोलायला लागेल.

सगळे म्हणत होते, इतकी वर्षं पाचोळ्याखाली दडली होती, मावशीनं साफ केली म्हणून दिसली. माझं कौतुक झालं. मी चहा ओतत राहिले.

सेक्रेटरी करकरत साहेबांकडं गेले अन् विचारलं, "साहेब, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

साहेबांच्या तोंडात बन होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी किटलीकडं बघितलं. साहेब चावायला लागले. तो बन त्यांनी इतका चावला की सेक्रेटरींना उभं राहून राहून अवघडलं अन् ते माझ्याकडं वळले. म्हणले, मावशी, तुम्ही इथं इतकी वर्षं राहता, तुम्हाला कधी काही जाणवलं?

मी म्हणलं, "पहाटे आवाज यायचा. आता काही दिवस शांत आहे."

बायकांनी डोक्यावर पदर घेतले. बाई कप विसळायच्या निमित्तानं आत पळाल्या, अन् आतून कप फुटल्याचा आवाज आला.

पुढच्या मीटिंगमध्ये पार्किंग रद्द झालं. कबरीवर मोटारी कशा लावणार. झाडाला हात लावायचा नाही, मुळं कबरीत गेली असतील. अन् राखणीला शेजारी माणूस पाहिजे, म्हणून मावशीची खोली राहू द्यायची, वरून नवीन पत्रा टाकायचा. गळायचं बंद झालं. साहेब मला म्हणले, "मी खोटं बोललो नाही. मी चावत होतो." बाई म्हणल्या, आता जन्मभर चावत राहा.

पण नुसतं हसण्यावारी राहिलं नाही. एक बाई यायला लागली. शाळेत शिकवायची, गप्प असायची. तिचं बाळ जन्मतानाच गेलं होतं, दवाखान्यातून परस्पर नेलं होतं, तिनं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं. ती शाळा सुटल्यावर येऊन धोंड्यांपाशी बसायची, एक फूल ठेवायची अन् जायची. साहेबांनी ते बघितलं. त्या दिवशी जेवताना बाईंना आमेन म्हणावंच लागलं नाही, साहेब भातावरच थांबले.

मग माझ्या दाराशी आले. पायरीवर बसले. म्हणले, "मावशी, मी सगळ्यांना सांगून टाकतो. ही थट्टा फार पुढं गेली." मी म्हणलं, सांगा. खोली दोघांच्या मधे होती.

मी मग त्यांना जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. शालनच्या आधी मला मुलगा झाला होता. दुष्काळी कामावर होते, खडी फोडत होते, तिथंच झोळीत तापानं गेला. बांधाला पुरला. पुढं त्या बांधावरून डांबरी रस्ता गेला. साहेबांना म्हणलं, "मी पण सकाळी झाडताना तिथं एक फूल ठेवते. मला तर माहीत आहे आत कोंबडा आहे."

साहेबांनी त्याचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते एकदा मोठ्यांदा उच्चारलं, बस, अन् घरी गेले.

त्यांनी सगळ्यांना सांगितलं नाही. त्या शिक्षिकेला मात्र गाठून खरं सांगितलं. तिनं पर्स उचलली अन् निघून गेली म्हणे. साहेबांची आठ दिवस झोप उडाली. मग एका दुपारी ती परत आली. फूल ठेवलं, अन् पर्समधून पुडी काढून मूठभर ज्वारी पण टाकली. चिमण्या खाली आल्या. साहेब खिडकीत उभे होते. खिडकी पुसायचं फडकं घेऊन त्यांनी तोंड पुसलं.

साहेब रिटायर झाले, एका फ्लॅटमध्ये गेले, तिथल्या बाल्कनीचं त्यांनी रान केलं. पोरं मोठी झाली, तरी सोमवारी जिथून असतील तिथून फोन. यंदा साहेब गेले. झोपेत गेले, बाईंचा हात हातात होता. हरवू नये म्हणून धरला असेल.

चर्चमध्ये त्यांच्या स्मरणाची उपासना झाली. मी आता कात्रजला शालनकडं असते, तिथून गेले. सगळे बोलले की साहेबांचं कुटुंबावर प्रेम होतं, झाडाझुडपांवर होतं. खरंच होतं. मग सेक्रेटरी उठले. जुने सेक्रेटरी गेले, आता त्यांचा मुलगा आहे, मोटार आणखी मोठी आहे. तो म्हणला, साहेबांनी त्या परदेशी बाळाची कबर जिवापाड जपली. आता आपण तिचा आणखी मान करू या. बिशपसाहेबांना बोलावून, प्रार्थना करून, बाळाला सन्मानानं कबरस्थानात हलवू या, संगमरवर बसवू या. म्हणजे मागची जागा पण मोकळी होईल. झाड अन् ती जुनी खोली काढून गाड्यांची सोय होईल.

पुढच्या बाकावर बाईंनी रुमाल तोंडाला लावला. खांदे गदगदा हलत होते. सगळ्यांना वाटलं रडतायत. दोघीतिघी पाठीवरून हात फिरवायला धावल्या. मला माहीत होतं काय चाललंय.

बाहेर झाडाखाली बाई मला धरून म्हणल्या, "मावशी, बिशपसाहेब खड्ड्यापाशी उभे राहणार, अन् आतून तंगडी निघणार." अन् इतक्या हसल्या की हसता हसता खरंच रडायला लागल्या. मग डोळे पुसून म्हणल्या, "आता तुम्हीच सांगा सगळ्यांना. मी काही बोलायला गेले की माझे खांदेच हलतात."

माझ्या खोलीत आता मंदा राहते. यवतमाळकडची आहे, नवरा कंपनीत होता, सोडून गेला. ती चर्च झाडते, तिची पोरगी तिथंच अभ्यास करते. त्या दिवशी ती दाराला टेकून उभी होती. मला म्हणली, "मावशी, आता आमी कुठी जावं?"

म्हणून हे सांगितलं. कबर समजत होते तोवर खोलीला धक्का लागला नाही. आता मीच सांगितलं की आत कोंबडा आहे, तेव्हा आड घ्यायला काही उरलं नाही. मग सरळच मागते. जो कोणी हे वाचेल, तो आमच्या मंडळीतला असेल तर त्यानं कमिटीत उठून एवढं बोलावं. मोटारी कुठंही लावा. मंदाची खोली पाडू नका.